डॉब्जची गावकी

ललिता कासारे मॅडमना आयुष्याकडून फार काही नको होतं. महाडात दोन खोल्यांचं स्वतःचं घर होतं, नवरा धम्मपाल एमआयडीसीत शिफ्टला जात होता, मुलगा पुण्याला शिकत होता. बाईंना हवं होतं फक्त एक वाक्य. इंग्रजीतलं. तेही एखाद्या पोराच्या तोंडून आलेलं, आणि त्या पोराच्या स्वतःच्या मनातलं.

आता तुम्ही म्हणाल, इंग्रजीच्या बाईंना इंग्रजी वाक्यांची काय कमी? अहो, तिथंच तर घोडं अडलं होतं! पोलादपूरच्या अलीकडे, हायवे सोडून आत गेलं की लागणाऱ्या उंबरकोंडच्या हायस्कुलात बाईंनी उमेदीची सगळी वर्षं काढली, पण कानावर पडलं ते सगळं गाईडातलं. ‘माझे वडील’ यावर निबंध दिला की अख्खा वर्ग लिहून मोकळा: ‘माय फादर इज अ डॉक्टर.’ सगळ्या वर्गाचे बाप डॉक्टर, आणि गावात तापाची गोळी हवी तर पोलादपूर गाठावं लागायचं. बाईंनी एकदा शुभमला विचारलं, "अरे, तुझे वडील तर जेसीबी चालवतात ना?" तर शुभम म्हणतो, "होय मॅडम, पण गाईडात जेसीबीवाला नाय."

बाई त्याला रागावल्या नाहीत. त्या स्वतः तरी कुठं वेगळ्या होत्या? तुडीलजवळच्या बौद्धवाडीतली ही मुलगी इंग्रजी पाठ करून करूनच बी.एड.पर्यंत पोचली होती. तिचं स्वतःचं पहिलं इंग्रजी वाक्य निघालं ते लग्नानंतर, धम्मपालशी कडाक्याचं भांडण झालं तेव्हा. मराठी शब्द संपले आणि बाई कडाडल्या, "यू नेव्हर लिसन!" धम्मपाल असा चपापला, की मुकाट्याने उठून त्याने चहाचं आधण ठेवलं. तेव्हापासून त्याला बायकोचं ऐकून घ्यायची सवय लागली, आणि बाईंच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. माणूस इरेला पेटला की भाषा आपोआप बाहेर येते. आता नववीच्या पोरांना इरेला पेटवायचं कसं, एवढाच प्रश्न होता.

मग अलिबागला शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. तिथं कुणीतरी सांगितलं, की सगळ्या पोरांना गोष्टीचं एकच पुस्तक द्या, घरून थोडं थोडं वाचून येऊ द्या आणि गोल बसवून त्यावर इंग्रजीत गप्पा मारू द्या. बाकीचे शिक्षक जेवणाची सुट्टी कधी होते ते बघत होते. आमच्या बाई मात्र अंगात आल्यासारख्या लिहून घेत होत्या. योग बघा, त्याच महिन्यात गावच्या मुंबई मंडळाने शाळेला खोकंभर पुस्तकं पाठवली. उघडलं तर सगळी एकच! कुठल्याशा दुकानाने न खपलेला गठ्ठा दान करून पुण्य पदरात पाडून घेतलं असणार. मुख्याध्यापक गंगाधर सरांनी कपाळाला हात लावला. बाईंना तर लॉटरीच लागली.

पुस्तक बारीकसं होतं. इंग्लंडातलं खेडं. तिथं मिस्टर डॉब्ज नावाचा एक म्हातारा. त्याच्या शेतातून पूर्वापार पायवाट जायची. शेजारच्या मिसेस फिंच नावाच्या विधवा बाईच्या बदकांनी डॉब्जचा कोबी फस्त केला, म्हणून डॉब्जने चिडून वाटेवर गेट घातलं. झालं, फिंचबाईला तळ्यावर जायला चिखलातून हा एवढा वळसा! बाकी पुस्तकभर दोघांची जुंपलेली.

शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी बाईंनी नववीला गोल बसवलं. "डिड यू लाइक द स्टोरी?"

"यस मॅडम!"

"व्हाय?"

"यस मॅडम!"

"हू इज मिस्टर डॉब्ज?"

"यस मॅडम!"

मग सगळी मिठाची गुळणी धरून बसली. बाईंनी गोडीत विचारलं, रागात विचारलं, हातवारे करून विचारलं. शेवटच्या बाकाजवळ बसणारी सेजल तर ‘यस मॅडम’सुद्धा म्हणायची नाही. ती नुसती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची आणि सोडायची. बाई घरी गेल्या आणि धम्मपालला म्हणाल्या, "भिंतीशी बोलले असते तर तिने निदान प्रतिध्वनी दिला असता."

गंमत कुठं झाली, तर सोमवारी मधल्या सुट्टीत. मैदानाच्या कडेला पिंपळाखाली पोरं गोल करून बसली होती आणि नुसता गलका चालला होता. कुणीतरी चेंडू वहाळाच्या पाण्यात घालवला होता, त्याची गावकी बसली होती! आता उंबरकोंडच्या पोरांना गावकी शिकवावी लागत नाही. देवळात मोठ्यांची गावकी भांडणं मिटवायला बसली, की ही पोरं खांबांमागून सगळं बघतात. ज्याच्यावर आळ आहे तो मध्ये. ज्याने त्याने आपलं म्हणणं मांडायचंच. गप्प बसलेल्याला नंतर तक्रार करायला जागा नाही. आणि आळ असलेला माणूस सगळ्यात शेवटी बोलणार, तेव्हा त्याला कुणी अडवायचं नाही. वर्गात मुकी असलेली पोरं तिथं एकेक वकील झाली होती. शुभम पंच होऊन "एकेकानं बोला रे, मान राखा!" असं ओरडत होता. बाई हातातला डबा तसाच धरून उभ्या राहिल्या. आयुष्यभर आपण जे शोधत होतो ते पिंपळाखाली बसलंय की!

पुढच्या शनिवारी बाईंनी जाहीर केलं, "आज डॉब्जची गावकी."

बाईंचे आजोबा गावकी बाहेर उभं राहून ऐकायचे. त्यांच्या वाडीला आत बसायचा मान नव्हता. बायकांना तर कुठल्याच वाडीत नव्हता. तेव्हा बाईंनी पहिला नियम केला, की या गावकीत सगळे बसणार, पोरीसुद्धा, आणि सगळे बोलणार. दुसरा नियम, बोलायचं इंग्रजीत. आणि तिसरा नियम पोरांनीच आणला. गावकी म्हटली की दंड हवाच! जो मराठीत बोलेल त्याने एक काकडी आणायची. भाद्रपदाचे दिवस, दारादारांत काकडीचे वेल लगडलेले, त्यामुळे दंड कुणालाच जड नव्हता. पहिल्या गावकीनंतर इतक्या काकड्या जमल्या, की बाईंनी घरून तिखटमीठ आणलं आणि सगळ्यांनी यथेच्छ खाल्ल्या.

पण वाक्यं सुटली हो! शुभम उठून म्हणाला, "डॉब्ज इज बॅड मॅन!" दुसरा म्हणाला, "डॉब्ज इज व्हेरी बॅड मॅन!" तिसरी म्हणाली, "डॉब्ज इज व्हेरी व्हेरी बॅड मॅन!" आणि एवढ्यात, काय आश्चर्य, सेजल उभी राहिली. ओढणी सोडून ताठ. "इट इज हिज लँड! इट इज हिज कॅबेज!" ती एकटी डॉब्जच्या बाजूने आणि बाकी सगळे विरुद्ध. शनिवारमागून शनिवार असं रण पेटलं, की घंटा झाली तरी कुणी उठेना. पुढचं प्रकरण वाचायला पोरं आदल्या दिवसापासून शब्दकोश ओढू लागली, कारण दुसऱ्याला गाठायचं तर पुस्तकात काय लिहिलंय ते माहीत हवं ना!

बाई खूश होत्या, पण पुऱ्या नाही. शुभमचं ते एकच वाक्य सगळ्यांच्या हातून फिरत होतं, आणि सेजल बोलायची ते शब्द न् शब्द पुस्तकातल्या डॉब्जचे. स्वतःचं वाक्य अजून कुणाचंच आलं नव्हतं. आणि एवढी गरीब पोर त्या खडूस डॉब्जसाठी जीव का टाकते, हेही बाईंना उमगत नव्हतं.

ते त्यांना कळलं प्रयागबाईंकडून. बाई फाट्यावर जायला मिनिडोर रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या, तेवढ्यात ही म्हातारी चिखलाने भरलेली पावलं आपटत आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मॅडम, तुमी माजी कागाळी पुस्तकात छापलीत ती छापलीत. पन माज्या बकऱ्यांची बदकं का केलीत गो?"

बाईंना काही अर्थबोध होईना. मग म्हातारीने सगळं सांगितलं. तिच्या घरून रस्त्याला यायची वाट महिपतरावांच्या जागेतून होती. महिपतरावांनी आंब्याची नवी कलमं लावली, प्रयागबाईंच्या बकऱ्यांनी त्यांचे शेंडे खाल्ले, आणि महिपतरावांनी वाटेवर बेडं घातलं. आडव्या बांबूंचं फाटक, वर साखळी. तेव्हापासून म्हातारी वहाळातून वळसा घालून येत होती. आणि महिपतराव कोण? सेजलचे सख्खे आजोबा! आईबाप विरारला, आजी देवाघरी, पोर आणि आजोबा असं दोघांचंच घर.

पोरांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून तर एवढी पेटली होती! घरी जेवता जेवता शुभमने "डॉब्जला दंड झालाच पायजे" असं ताटावर मूठ आपटून म्हटलं. आईने विचारलं, "ह्यो डॉब्ज कोन?" त्याने गोष्ट सांगितली. सकाळी पिठाच्या गिरणीवर बातमी पोचली, की शाळेतल्या मॅडमनी महिपतरावाचं नाव डॉब्ज ठेवलंय आणि दर शनिवारी त्याच्यावर इंग्रजीत गावकी बसते. संध्याकाळपर्यंत तर मुंबई मंडळाने महिपतरावावर पुस्तकच छापून पाठवलं होतं! आता पुस्तक खोकंभर आणि सगळं एकच, हे गावानं डोळ्यांनी पाहिलेलं. शंकेला जागाच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी महिपतराव तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरले. ते शाळा समितीत होते, आणि आवाज असा, की बोलायला लागले की कौलांवरचे कावळे उडावेत. "मास्तर, माझी बदनामी करायची तर मराठीत करा. समोर येऊन करा. मला न कळंल अशा भाषेत शिव्या घालता? ह्ये बंद करा, नायतर मी पंचायत समितीत जातो!"

गंगाधर सरांना निवृत्तीचे वेध लागले होते. त्यांनी बाईंना बोलावलं. "मॅडम, उपक्रम उत्तम आहे, पण मला शांतपणे घरी जायचंय हो. शनिवारी महिपतराव येऊन बसतील. त्यांनी बंद म्हटलं तर बंद. पुस्तकं खोक्यात, खोकं माळ्यावर."

त्या दिवशी बाईंना घास गोड लागला नाही. धम्मपाल म्हणाला, "अगं, सांग त्यांना, ते पुस्तक इंग्लंडातलं आहे."

"सांगितलं. ते म्हणाले, मग इंग्लंडवाल्यांना माझ्या बेड्याचं कुणी सांगितलं?" बाईंना हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. "एक वाक्य येईल असं वाटत होतं रे. अगदी ओठांवर आलं होतं पोरांच्या."

शनिवार उजाडला. महिपतराव पांढरा सदरा, टोपी घालून, हातात काठी घेऊन वर्तुळात येऊन बसले. बाकावर नाही, गोलात, सतरंजीवर. गावकीत कसं बसतात ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. गंगाधर सर दारात घाम पुसत उभे. बाई म्हणाल्या, "यस, हू विल बिगिन?"

कोण बिगिन करतो! शुभमला एकदम बुटाच्या नाड्या बांधायची आठवण झाली. परवापर्यंत ‘व्हेरी व्हेरी बॅड’ म्हणणाऱ्या पोरी छताचे वासे निरखू लागल्या. पुन्हा तीच मिठाची गुळणी. महिपतरावांनी काठी आपटली. "काय मास्तर, माझ्या माघारी तर लय बोलतात म्हनं!"

तेव्हा सेजल उठली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलेलं. आता ती "इट इज हिज लँड" म्हणणार, हे सगळ्यांना पाठ होतं. ती आजोबांकडे बघत नव्हती. पुस्तक तिने मिटून खाली ठेवलं होतं.

"डॉब्ज इज नॉट बॅड," ती म्हणाली. मग थांबली. ओठ हलले, शब्द शोधून आणले. "डॉब्ज इज अलोन. बिफोर, मिसेस फिंच केम एव्हरी डे. शी केम, शी सॅट, शी टुक टी. नाऊ गेट इज क्लोज्ड. नाऊ नोबडी कम्स. ही मेक्स टी. ही ड्रिंक्स अलोन. गेट क्लोज्ड फॉर डॉब्ज ऑल्सो."

आणि बसली. बाईंनी तोंडावर पदर धरला.

"काय म्हनाली?" महिपतरावांनी विचारलं. "अरे, माझ्या नातीनं काय म्हटलं ते सांगाल का नाय? शुभम्या, तू सांग!"

शुभम घुटमळला. "आजोबा, मराठी बोललं की काकडी पडते."

"बोल रे! तुझी काकडी माझ्याकडं लागली."

मग शुभमने सांगितलं. हळू, एकेक वाक्य नीट लावून. "ती म्हणते, डॉब्ज वाईट नाय. एकटा हाय. पयले ती फिंचबाई रोज यायची, बसायची, चा घ्यायची. आता गेट बंद हाय. आता कोन येत नाय. तो चा करतो नि एकटाच पितो. वाट डॉब्जला पन बंद झाली."

महिपतराव काठीच्या मुठीवर हात ठेवून तसेच बसले. मग त्यांनी बाईंकडे पाहिलं. त्या मोठ्या आवाजाचं नाव नव्हतं. "ह्ये पुस्तकात लिवलंय?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पुस्तकात यातलं एक अक्षर नाही, महिपतराव. चहाचा तर पुस्तकभर उल्लेखही नाही. हे सगळं तिचं स्वतःचं आहे."

महिपतराव उठले. नियमाप्रमाणे शेवटचं बोलणं त्यांचं होतं, पण ते काही बोलले नाहीत. दारात गंगाधर सरांनी "मग... बंद करायचं का?" असं अदबीने विचारलं, तर त्यांच्याकडे न बघताच निघून गेले. सर दिवसभर प्रत्येकाला विचारत होते, "म्हणजे बंद की चालू? काय समजायचं आम्ही?" कुणालाच सांगता येईना.

तो आठवडा सेजल नेहमीसारखी शाळेत येत राहिली. बाईंनी तिला घरचं काही विचारलं नाही. त्या मनात म्हणत होत्या, मला मिळायचं ते मिळालं. आता खोकं माळ्यावर गेलं तरी माझी तक्रार नाही. खोटं होतं ते, तक्रार पुष्कळ होती. पण मनाची समजूत काढायची झाली की माणूस असंच काहीबाही बोलतो.

पुढच्या शनिवारी वर्ग गोल करून बसला, पण पुस्तक उघडायचा कुणाचा धीर होईना. तेवढ्यात दारात आल्या प्रयागबाई. डोक्यावर काकड्यांची पाटी. पाटी खाली ठेवून धापा टाकत म्हणाल्या, "दंडाच्या हायत म्हनं. मला हमाल केलाय मेल्यानं!" बोलणं तक्रारीचं, आणि म्हातारीच्या तोंडावरचं हसू काही मावेना. शुभमने बाईंना कोपराने खुणावलं. म्हातारीची पावलं कोरडी होती. चिखलाचा ठिपका नाही.

मागून महिपतराव आले. तोच पांढरा सदरा, तीच टोपी. उंबऱ्यातच थांबले. घसा खाकरला, एकदा नातीकडे बघितलं, पुन्हा खाकरले. कपाळावर घाम आलेला. एवढ्या गावक्या गाजवलेल्या माणसाने टोपी काढून पुन्हा डोक्यावर घातली.

"गेट," महिपतराव म्हणाले. श्वास घेतला. "गेट ओपन. ऑल कम. टी."

सेजलने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि बोटांच्या फटीतून ती आजोबांकडे बघत होती.

महिपतराव बाईंकडे वळले, आणि परीक्षेला बसलेल्या पोरासारखे हळूच म्हणाले, "बरोबर हाय का मॅडम? माझं सोताचं हाय हां. पोरीनं नाय सांगितलं."

आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं तपासलेल्या बाई, पण त्या घटकेला त्यांना काही म्हणजे काही सुचलं नाही.

"यस सर," त्या म्हणाल्या.